गवताच्या बुटांचे बिल

परवा रविवारी भाचा घरी आला आणि चहा व्हायच्या आधीच त्याने खिशातून घडी घातलेला एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या प्राथमिक अभ्यासक्रमात त्याला जागा मिळाली आहे. कागदावर बरोबर न्यायच्या सामानाची यादी होती. लोकरी मोजे, आतून घालायचे गरम कपडे, वारा अडवणारे जाकीट, हातमोजे, कानटोपी, गॉगल, टॉर्च, बूट. दोर, बर्फाची कुऱ्हाड, बुटांना लावायचे लोखंडी काटे, झोपायची पिशवी असले अवजड सामान तिथे मिळते. बाकीचे आपले आपण बघायचे.

"मामा, ऑफिसात सगळी खरेदी तूच बघतोस ना? मग यातलं काय कुठून घ्यायचं ते तूच सांग," तो म्हणाला.

मी सरकारी कारकून. याद्या बघण्यात माझी बावीस वर्षे गेली. पण त्या याद्या कागदाच्या रिमांच्या, टोनरच्या, खुर्च्यांच्या. ही यादी वाचताना मात्र मला पहिल्यांदा कळले की आपण गोवेकर थंडीच्या बाबतीत अगदी निरक्षर आहोत. आमची थंडी म्हणजे जत्रेच्या रात्री नाटक बघायला बसताना खांद्यावर घ्यायची शाल. पारा वीसवर उतरला की आम्ही एकमेकांना फोन करून सांगतो. गोव्यातला सगळ्यांत उंच डोंगर, सत्तरीतला सोसोगड, बाराशे मीटरलाही पोचत नाही. बर्फ आम्हाला ठाऊक तो मासळीवरचा.

घरातले गरम कपडे शोधायला कपाट उघडले तेव्हा तळाशी तीन स्वेटर सापडले. तिन्ही ग्वाल्हेरचे. काही वर्षांपूर्वी एलटीसी घेऊन आम्ही गोवा एक्सप्रेसने ग्वाल्हेरला गेलो होतो. डिसेंबर महिना होता. पहाटे स्टेशनवर उतरलो तेव्हा तोंडातून वाफ निघत होती आणि माझ्या पायात, अस्सल गोवेकराला शोभतील अशा, उघड्या चपला होत्या. हॉटेलात सामान टाकून आम्ही सगळ्यांत आधी महाराज बाड्यावर गेलो आणि हे स्वेटर घेतले. किल्ला दुसऱ्या दिवशी.

त्या स्वेटरांमुळे मला किल्ला आठवला आणि किल्ल्यामुळे एक बुटांचा जोड. एक कसला, कित्येक जोड. आजचा लेख त्या जोडांबद्दल आहे.

ग्वाल्हेर म्हटले की मराठी माणसाला शिंदे आठवतात, गाणे जाणणाऱ्याला तानसेनची कबर आणि ग्वाल्हेर घराणे आठवते, कवितेच्या माणसाला राजकवी भा. रा. तांबे. आजच्या शहरातला लष्कर हा भाग तर दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून १८१० साली उभा राहिला. नावातच छावणी आहे. पण या सगळ्याच्या वर, साधारण तीनशे फूट उंच, पिवळसर वालुकाश्माचा एक लांबट डोंगर आहे. त्याच्या कडा बहुतेक ठिकाणी सरळ तुटलेल्या. वर मानसिंग तोमराचा महाल, सासबहू मंदिर, तेली का मंदिर. आमचा गाईड या सगळ्याची माहिती घडाघडा सांगत होता. मी मात्र कठड्यावरून खाली वाकून बघत होतो. बी.ए.ला इतिहास घेतला होता, तेव्हा वाचलेली एक रात्र माझ्या डोक्यात होती. ३ ऑगस्ट १७८० ची रात्र.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. इंग्रज आणि मराठे यांचे पहिले युद्ध चालू होते. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला मराठ्यांनी इंग्रजांना असे कोंडले की त्यांना मानहानीचा करार करावा लागला. कलकत्त्यात बसलेल्या वॉरन हेस्टिंग्जला तो मान्य नव्हता. महादजी शिंद्यांना उत्तरेत, त्यांच्या स्वतःच्या मुलखात गुंतवून ठेवायचे म्हणून त्याने गोहदच्या जाट राण्याशी दोस्ती केली आणि मेजर पॉपहॅम नावाच्या अधिकाऱ्याला एक लहानशी फौज देऊन तिकडे पाठवले. पॉपहॅमने आधी लहारचा किल्ला घेतला. मग त्याची नजर ग्वाल्हेरकडे वळली. पण त्याच्याजवळ तट फोडणाऱ्या मोठ्या तोफा नव्हत्या. अशा स्थितीत ग्वाल्हेरवर जाणे म्हणजे वेडेपणा, असे सर आयर कूटसारख्या मुरलेल्या सेनापतीचे मत होते. किल्ल्यावर शिंद्यांची शिबंदी होती आणि हा खडक कोणी चढून येईल हे तिच्या स्वप्नातही नव्हते.

रस्ता सापडला तो चोरांकडून. रात्री कडा चढून किल्ल्यावर चोऱ्या करणारी काही माणसे त्या मुलखात होती. त्यांनी ही वाट राण्याला सांगितली, राण्याने पॉपहॅमला. पॉपहॅमने आपली माणसे पाठवून वाटेची खात्री करून घेतली आणि मग गाजावाजा न करता सामानाची जमवाजमव सुरू केली. आजच्या भाषेत बोलायचे तर मोहिमेची यादी केली. लेफ्टनंट कॅमेरनच्या देखरेखीखाली लाकडी शिड्या तयार झाल्या. तटासाठी दोराच्या शिड्या. आणि शिपायांसाठी खास बूट.

या बुटांबद्दल दोन प्रकारचे उल्लेख मिळतात. एके ठिकाणी ते लोकरी कापडाचे आणि आत कापूस भरलेले होते असे म्हटले आहे, दुसरीकडे ते गवताचे होते असे. हेतूबद्दल मात्र दुमत नाही. पाय घसरू नये आणि आवाज होऊ नये.

आता तारीख पुन्हा बघा. ऑगस्टची सुरुवात, म्हणजे भर पावसाळा. गोव्यातल्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. श्रावणात विहिरीच्या पायऱ्यांवर, देवळाच्या तळीवर, अंगणातल्या चिऱ्यांवर काय होते ते आपण पाठीवर आपटून शिकलेलो असतो. चामड्याचा गुळगुळीत तळवा ओल्या दगडावर लोण्यावरच्या सुरीसारखा सरकतो. काथ्या, गवत, पेंढा यांचे तसे नाही. ते खरखरीत असते, पाणी त्याच्या धाग्यांमधून निघून जाते आणि ते दगडाच्या उंचसखलपणावर दबून बसते. काश्मीरमध्ये भाताच्या पेंढ्याचे ‘पुलहोर’ नावाचे जोडे पूर्वी निसरड्या वाटांसाठी वापरत. जपानात ओढ्यातल्या शेवाळलेल्या दगडांवरून चढताना पेंढ्याच्या वहाणा घालत. हे ज्ञान कुठल्या कारखान्यातले नव्हते. ओल्या दगडावर रोज चालणाऱ्याच्या पायाचे होते.

त्या रात्री कॅप्टन ब्रूस दोन कंपन्या शिपाई घेऊन पुढे निघाला, मदतीला वीस गोरे सैनिक. पॉपहॅम बाकीच्यांसह मागे. पहाट होण्याच्या थोडे आधी ते खडकाच्या पायथ्याशी पोचले. वर गस्तवाल्यांचे दिवे हलताना दिसत होते. सगळे श्वास रोखून थांबले. दिवे पुढे निघून गेल्यावर शिड्या लागल्या. पहिला टप्पा सुमारे सोळा फूट उंचीचा गुळगुळीत खडक. त्यानंतर चाळीसेक यार्डांचा तीव्र चढ. आणि मग सुमारे तीस फुटांचा तट. वाटाडे आधी तटावर चढले आणि त्यांनी दोराच्या शिड्या वर बांधल्या. ब्रूस वीस शिपायांसह वर गेला आणि ते कठड्याआड दबून बसले. तेवढ्यात त्यांच्यातल्या काहींना राहवले नाही. जवळच झोपलेल्या पहारेकऱ्यांवर त्यांनी गोळ्या झाडल्या. एकच हलकल्लोळ झाला. पण तोवर खालून माणसे वर येतच होती. शिबंदीचा धीर सुटला आणि उजाडल्यावर किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. हल्ला करणाऱ्यांचा एकही माणूस मेला नाही, काही जखमी झाले तेवढेच.

वाचकहो, हे वाचताना मराठी माणसाला कुठेतरी टोचतेच. कारण ही विद्या आपली होती. फेब्रुवारी १६७० मध्ये तानाजी मालुसरे रात्रीच्या अंधारात कोंढाण्याचा कडा चढून गेले. घोरपडीची गोष्ट इतिहासकार मानत नाहीत, पण दोर आणि मावळ्यांचे पाय खोटे नाहीत. तीन वर्षांनी कोंडाजी फर्जंदांनी साठ माणसांनिशी पन्हाळा घेतला. जो कडा शत्रूला भिंत वाटतो तो आपल्याला वाट आहे, हे ज्यांनी हिंदुस्थानला शिकवले, त्यांच्याच वारसांनी एकशे दहा वर्षांनी कड्याला भिंत समजून डोळे मिटले. खडक तोच असतो. त्याच्याकडे वरून बघणारा आणि खालून बघणारा यांत फरक असतो. वर गेलेला माणूस फार दिवस वर राहिला की चढण्याची गोष्ट विसरतो.

पुढे १७८२ च्या मे महिन्यात ग्वाल्हेरपासून जवळच असलेल्या सालबाई इथे तह झाला आणि १७८३ साली महादजींनी गोहदच्या राण्याकडून किल्ला पुन्हा जिंकून घेतला. पाटीलबाबा हार मानून बसणाऱ्यांतले नव्हते. असो.

पण माझ्यातला कारकून अडकला तो याच्याही पुढच्या एका तपशिलावर. जुन्या गॅझेटियरमध्ये या हकीकतीला जोडून असे म्हटले आहे की शिपायांच्या त्या गवती बुटांचा खर्च पुढे पॉपहॅमच्या पगारातून कापून घेण्यात आला, असे सांगतात.

मी हे वाक्य पहिल्यांदा वाचले तेव्हा मोठ्याने हसलो होतो. कंपनी सरकारच्या कुठल्याशा कचेरीत बसलेला माझा तो पूर्वज मला स्पष्ट दिसला. समोर पॉपहॅमचे बिल. शिड्या, ठीक. दोर, ठीक. बूट? गवताचे? कोणाच्या मंजुरीने? गणवेशाच्या यादीत गवताचे बूट नाहीत. सबब सदर रक्कम संबंधित अधिकाऱ्याकडून वसूल करण्यात यावी. किल्ला जिंकला आहे ही बाब या शेऱ्यात कुठेच बसत नाही, कारण बिलावर किल्ल्याचा रकाना नसतो. गोष्ट खरी की रचलेली ते बाजूला ठेवा. कोणी रचली असेल तर तो नक्कीच आमच्या धंद्यातला माणूस असणार.

मात्र हसून झाल्यावर मला दुसरेच काहीतरी आठवले आणि हसू मावळले.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका कार्यालयात माझ्या टेबलावर एक फाइल आली होती. पावसाळ्यात बांधांवर आणि मानशींवर फिरून पाहणी करणाऱ्या बाहेरच्या कामगारांसाठी गमबूट हवे होते. दहा-बारा जोड. किंमत फार नव्हती. पण तीनऐवजी दोनच दरपत्रके जोडलेली होती. मी नियमाप्रमाणे शेरा मारला आणि फाइल परत पाठवली. तिसरे दरपत्रक आले तेव्हा पहिल्याची मुदत संपली होती. पुन्हा फाइल फिरली. मंजुरी आली तेव्हा चवथ होऊन गेली होती, पाऊस ओसरला होता. त्याच जुलैमध्ये त्यांतला एक कामगार, वयाने माझ्या वडिलांएवढा, रबरी चपलेत मानशीच्या पायरीवरून घसरला आणि घोटा मोडून दीड महिना घरी बसला. पुढे बिले घेऊन माझ्याकडे आला तेव्हा मला म्हणाला, "बाब, पाय चुकलो म्हजो." चूक त्याने स्वतःच्या पायावर घेतली. मी तेव्हा काही बोललो नाही. माझ्या शेऱ्यात एकही अक्षर नियमाबाहेर नव्हते, हेच मला आजवर बोचत आले आहे.

म्हणून भाच्याची यादी माझ्या हातात आली तेव्हा मी ती कारकुनासारखी वाचायची नाही असे ठरवले. आठ दिवस वाचनालयातली गिर्यारोहणाची पुस्तके आणली आणि बघतो तर काय, तीच गोष्ट पुन्हा पुन्हा. ग्वाल्हेरचा खडक कुठे आणि एव्हरेस्ट कुठे. पण माणसे तशीच.

१९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच नावाचा एक गिर्यारोहक होता. बाकीचे सभ्य इंग्रज लोकरी आणि ट्वीडच्या कपड्यांत. फिंचने स्वतःच्या डोक्याने बलूनच्या कापडाचा, आत बदकाची मऊ पिसे भरलेला कोट शिवून घेतला. सोबत्यांनी त्याची चेष्टा केली. थंडी सुरू झाली तशी चेष्टा थांबली. त्या वर्षी फिंच सुमारे ८,३०० मीटरपर्यंत पोचला, तोवर कोणीही गेले नव्हते इतक्या उंचीवर. त्याच्यासोबत जो अधिकारी होता त्याचे नाव, गंमत बघा, कॅप्टन ब्रूस. हा जेफ्री ब्रूस, आपल्या ग्वाल्हेरच्या ब्रूसचा केवळ नामबंधू. आज आठ हजार मीटरवर जाणारा प्रत्येक जण पिसांचाच पोशाख घालतो.

२९ मे १९५३ ची सकाळ. शिखराच्या खालच्या शेवटच्या तंबूत एडमंड हिलरी जागा झाला आणि बघतो तर रात्री काढून ठेवलेले बूट गोठून लाकूड झालेले. स्टोव्हवर धरून ते मऊ करण्यात दोन तास गेले. तेनसिंग नोर्गे मात्र बूट पायात ठेवूनच झोपला होता. डोंगरात जन्मलेल्या माणसाला ते कोणी सांगावे लागले नाही.

आणि १९६२. हे लिहिताना हात जड होतो. चीनच्या हल्ल्याच्या वेळी आपले कितीतरी जवान हिमालयात सुती गणवेशात आणि कॅनव्हासच्या बुटांत उभे होते. त्यांच्या शौर्याबद्दल आपण गाणी ऐकतो आणि डोळे पुसतो. पण त्या बुटांच्या मागे कुठेतरी एक फाइल असणार, फाइलवर शेरे असणार, आणि प्रत्येक शेरा नियमाला धरून असणार. नियम खालच्या मैदानात बसून लिहिले जातात. थंडी वर असते.

आपल्या मराठी मुलांनी हे सगळे पार केले याचा मला अभिमान वाटतो. १९९८ साली पुण्याचे सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचले. २०१२ साली उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली ‘गिरिप्रेमी’ची मुले तिथे गेली, तीही लोकांकडून मदत गोळा करून. ज्या माणसाने त्या मोहिमेसाठी शंभर रुपये दिले त्यानेही कोणाच्या तरी मोज्याचा एक धागा विकत घेतला, असे मी मानतो.

तर शेवटी आम्ही मामा-भाचे खरेदीला निघालो. आधी डोंगरात जाऊन आलेल्या एका ओळखीच्या मुलाला विचारले. त्याने जे सांगितले ते असे. सुती कपडे अंगाला लागून घालू नयेत, घाम धरून ठेवतात आणि थांबलो की तोच घाम बर्फासारखा गार होतो. एकच जाड कपडा घेण्यापेक्षा पातळ कपड्यांचे थर बरे, म्हणजे चढताना एक काढता येतो, थांबलो की घालता येतो. आतला थर घाम बाहेर काढणारा, मधला ऊब धरणारा, बाहेरचा वारा अडवणारा. बूट संध्याकाळी घ्यावेत, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. जाड मोजे घालून बघावेत. उतरताना अंगठा पुढे आपटता कामा नये. आणि नवा बूट घालून थेट हिमालयात जाऊ नये, आधी घरच्या डोंगरावर तो पायाला ओळखीचा करून घ्यावा.

सगळे घेऊन झाले. बूट शेवटी. दोन जोड पुढे आले. स्वस्त जोड दिसायला छान होता. दुसरा म्हारग होता, बराच. भाच्याने दोन्ही घालून दुकानात चार फेऱ्या मारल्या आणि गप्प उभा राहिला. मी विचारले, "कुठला?" तो म्हणाला, "मामा, पहिला पण चालेल." मुलांचा हा स्वर आपल्याला ओळखता येतो. त्यात पायाचे उत्तर नसते, खिशाचे असते. आणि बावीस वर्षांच्या सवयीने माझ्याही तोंडात प्रश्न आलाच होता की तिसरे दुकान बघू या का. तो मी गिळला आणि दुसरा जोड बांधायला सांगितला.

गेले तीन रविवार तो ते बूट घालून पारोड्याचा चंद्रनाथाचा डोंगर चढतो आहे. पहिल्या रविवारी टाच सोलली, दुसऱ्या रविवारी कमी, काल काहीच नाही. ताईने फोन करून बुटांचे पैसे किती झाले ते विचारले. मी आकडा सांगितला नाही.

ग्वाल्हेरला कधी गेलात तर मानमंदिर बघाच, संध्याकाळी तानसेनच्या कबरीपाशी बसा. पण कठड्यावरून एकदा खाली वाकूनही बघा. तिथून जे चढून आले त्यांतल्या पॉपहॅम, ब्रूस आणि कॅमेरन यांची नावे इतिहासात आहेत. वाट दाखवणाऱ्या चोरांची नाहीत, शिपायांची नाहीत, आणि रात्री बसून ते बूट ज्याने विणले किंवा शिवले त्याचेही नाही. त्याला त्याचे पैसे तरी वेळेवर मिळाले असतील ना, एवढाच प्रश्न माझ्या मनात राहिला आहे.